बदलाची नोंद



वैशाखाच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेले गाव संध्याकाळी येथे येऊन बसते, ते काही तरी रसाळ ऐकावयास. त्या मानाने आमचा विषय रुक्ष आहे. मोठ्या कारखान्यात यंत्राच्या आराखड्यात बदल करावयाचा झाला तर तो कोणी मागावा, कोणी तपासावा, केव्हापासून अमलात आणावा आणि त्याची नोंद संगणकात कशी राहावी, एवढाच तो विषय होय. याला श्रोते कोण येणार, असे आम्ही चालकांस विचारले. ते म्हणाले, यवतमाळच्या आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून कित्येक मुलेमुली चाकणला, हिंजवडीला जातात. ती दिवसभर संगणकापुढे बसून करतात तरी काय, हे त्यांच्या आईबापांस एकदा कळू द्या. हे उत्तर आम्हांस पटले, आणि म्हणून आम्ही उभे आहोत.

आईबापांस हा विषय समजावून सांगणे वाटते तितके अवघड नाही. ज्याच्या नावावर दोन एकर वावर आहे, त्याला बदलाची मागणी आणि बदलाची नोंद म्हणजे काय हे चाकणच्या पुष्कळ अभियंत्यांहून अधिक कळते. त्याच्या भाषेत त्याला फेरफार म्हणतात. तेव्हा कारखान्यात शिरण्याआधी थोडा वेळ चावडीवर बसू.

गावच्या दप्तरात अनेक नमुने आहेत. सात आणि बारा मिळून झालेला सातबारा सर्वांच्या तोंडी आहे. त्यापैकी सात नंबरात जमीन कोणाची, तीवर बोजा कोणाचा हे असते, आणि बारात पीक काय पेरले ते असते. आपल्याकडची म्हातारी माणसे त्याला अजून पेरेपत्रक म्हणतात. खात्याचा आठ-अ. परंतु या सर्वांची नाडी ज्या वहीत आहे ती सहा नंबरची, फेरफाराची वही. तिचे रकाने मोजून चार. नोंदीचा अनुक्रमांक, हक्क कसा मिळाला त्याचे स्वरूप, कोणत्या सर्व्हे नंबरावर वा हिश्शावर परिणाम झाला, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही व शेरा. ज्याने कोणी हे चार रकाने प्रथम आखले त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. आज परदेशी कंपन्या कोट्यवधी रुपये घेऊन जी संगणक-प्रणाली विकतात, तिच्या बदल-विभागाचा सांगाडा काढून पाहिला तर तो बहुतांशी या चार रकान्यांचाच निघतो.

ही वही चालते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे १४९ वे कलम सांगते की, ज्याला वारसाने, खरेदीने, वाटणीने वा अन्य रीतीने जमिनीत हक्क मिळाला, त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे. तलाठी म्हणजे आपल्या भागातला पटवारी, आणि अलीकडे ज्याचे नामकरण ग्राम महसूल अधिकारी असे झाले तो. माणूस तोच, काम तेच, नावाची ही तिसरी आवृत्ती! १५० व्या कलमाप्रमाणे त्याने ती खबर फेरफार-वहीत लिहावयाची, तिची पूर्ण नक्कल चावडीवर लावावयाची, आणि ज्यांचा ज्यांचा त्या जमिनीशी संबंध दिसतो त्या सर्वांस लेखी नोटीस द्यावयाची. पंधरा दिवस हरकतीसाठी. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या विवादग्रस्तांच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. न आली तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपला सर्कल, तपासून नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित झाल्यावाचून सातबाऱ्यावर अक्षर बदलावयाचे नाही. आणि बदलले तरी जुने नाव खोडून काळे करावयाचे नाही. त्याला कंस घालावयाचा, आणि शेजारी फेरफाराचा नंबर लिहावयाचा. उद्या नातवाने विचारले, आजोबांचे नाव येथून गेले कसे, तर त्या नंबरावरून सहा नंबरची वही उघडता येते, आणि वहीवरून खरेदीखत वा मृत्यूचा दाखला शोधता येतो.

या धाग्याची किंमत आपल्या जिल्ह्याइतकी दुसऱ्या कोणास कळावी? हा मुलूख निजामाचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. सरकारी कागदांत या जिल्ह्याचे नाव वणीवरून वुन असे होते, ते १९०५ साली यवतमाळ झाले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई आणि १९६० साली महाराष्ट्र. कायदेही बदलले, १९२८ चा वऱ्हाडचा, १९५४ चा मध्यप्रदेशचा, १९६६ चा आपला. जुन्या दप्तरात यवतमाळ जिल्हा शोधावयास जाणाऱ्यास तो वुन या नावाखाली सापडतो, हे ठाऊक नसेल तर तो रिकाम्या हाताने परत येतो. एका वावराच्या डोक्यावरून इतकी राज्ये गेली, तरी ते वावर कोणाचे हे सांगता येते, ते केवळ प्रत्येक बदलाचा मागमूस कोणी तरी लिहून ठेवला म्हणून.

आता कारखान्यात जाऊ. कापसाचा जिल्हा आहे, तेव्हा उदाहरण जिनिंगचेच घेऊ. डबल रोलर जिन आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर उलटसुलट फिरतात, त्यांना स्थिर सुऱ्या दाबून बसविलेल्या असतात, आणि मधली हलती सुरी सरकीला ठोके देते. रुई रोलरबरोबर जाते आणि सरकी खाली पडते. समजा, ही यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात तक्रारी येतात की हलत्या सुरीचा बोल्ट हंगामाच्या मध्यावर तुटतो. तरुण अभियंता हिशेब करतो आणि म्हणतो, बोल्ट दहा मिलिमीटरचा आहे, बारा मिलिमीटरचा करू. एका वाक्याचा बदल. परंतु हे वाक्य उच्चारताच किती जणांची झोप उडते पाहा. भोक मोठे करावयाचे, म्हणजे सुरीचे ड्रॉइंग बदलले. छिद्र पाडणाऱ्या यंत्राचे हत्यार बदलले. खरेदी खात्याने दहाच्या बोल्टांची मागणी आधीच नोंदवून ठेवली आहे, तिचे काय? कोठारात दहाचे आठ हजार बोल्ट पडून आहेत, ते संपवावयाचे की मोडीत काढावयाचे? आणि वणीला, पांढरकवड्याला पंधरा वर्षांपूर्वी गेलेली यंत्रे दहाच्या भोकाचीच आहेत. त्यांचा बोल्ट तुटला तर मेकॅनिकला कोणता पाठवावयाचा?

हे सर्व प्रश्न विचारले जावेत म्हणून कारखान्यांनी एक रीत बसविली. अभियंता प्रथम बदलाची मागणी लिहितो; कारखान्यात तिला चेंज रिक्वेस्ट म्हणतात. कोणता भाग, काय बदल, आणि का. ती मागणी उत्पादन, खरेदी, कोठार, तपासणी, विक्रीनंतरची सेवा या खात्यांकडे फिरते. ज्याला हरकत आहे त्याने लिहावे. मग एक समिती बसते, मागणी मान्य वा अमान्य करते, आणि मान्य झाल्यास तिचा आदेश होतो. आदेशाला नंबर असतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचे अक्षर बदलते, अ चे ब होते, आणि अक्षराशेजारी तो नंबर लिहिला जातो. जुने ड्रॉइंग फाडावयाचे नाही, तर त्यावर 'रद्द' शिक्का मारून जपून ठेवावयाचे. श्रोतेहो, आपल्या ध्यानात आलेच असेल. अर्ज, नोटीस, हरकत, प्रमाणन, नंबर आणि कंस. चावडी तीच, फक्त हिला वातानुकूलन आहे.

पूर्वी हे सर्व कागदावर चाले. ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वासाचे छाप निघत, ते खात्याखात्यांत वाटले जात, आणि बदल झाला की एक मनुष्य सर्वत्र फिरून जुने छाप गोळा करी. एखादा छाप एखाद्या जुन्या कारागिराच्या पेटीत राहून जाई, आणि सहा महिन्यांनी त्यावरून पन्नास नग तयार होत. संगणक-प्रणालीने ही पेटी रिकामी केली. जर्मनीत १९७२ साली पाच अभियंत्यांनी सुरू केलेली सॅप ही कंपनी घ्या. तिची प्रणाली आज आपल्याकडील मोठमोठ्या कारखान्यांत आहे. तीत प्रत्येक बदलाला एक नंबर मिळतो, तो नंबर कोणत्या तारखेपासून लागू ते त्याच्यातच नोंदलेले असते, आणि त्या नंबराखाली कोणती ड्रॉइंगे, कोणत्या सुट्या भागांच्या याद्या बदलल्या ते एके ठिकाणी दिसते. या यादीला कारखान्यात 'बॉम' म्हणतात. एक यंत्र बनविण्यास काय काय आणि किती लागते त्याची ती चोपडी. ही यादी एकदा बदल-नंबराखाली आणली, की त्यानंतर नंबरावाचून तीत काही फिरविता येत नाही. प्रमाणित फेरफारावाचून सातबाऱ्याला हात लावू नये, हाच नियम यंत्राने अंगी बाणवून घेतला म्हणा ना.

आणखी एक सोय झाली. हा बोल्ट आणखी कोणकोणत्या यंत्रांत आहे, असे प्रणालीला विचारले तर ती क्षणात सांगते. पूर्वी हे ज्याच्या डोक्यात असे तो जुना माणूस निवृत्त झाला की कारखाना आंधळा होई.

परंतु प्रणाली विकत घेतली म्हणजे नोंद राहिली, असे समजणाऱ्यांस आम्ही दोन गोष्टी सांगू. दोन्ही अमेरिकेतील आहेत, दोन्हींची जाहीर चौकशी झाली, आणि दोन्हींत माणसे मेली.

पहिली जनरल मोटर्स या मोटार-कंपनीची. तिच्या कोबाल्ट नावाच्या गाडीतील किल्लीचा स्विच फार हलका फिरे. किल्लीला जड जुडगा असला वा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत तो बंदकडे सरके. इंजिन बंद, सुकाणू जड, आणि अपघाताच्या क्षणी छातीपुढे फुगणारी हवेची पिशवीही निकामी. २००६ साली स्विचची स्प्रिंग आणि तिच्यातली खीळ बदलण्यात आली, स्विच घट्ट झाला आणि कंपनीच्या अभियंत्याने त्या बदलास मान्यता दिली. येथवर सर्व ठीक. पण भागाचा नंबर बदलला नाही. कारखान्यांचा जुना नियम आहे की, नवा भाग जुन्याच्या जागी बसत नसेल वा त्याचे काम जुन्यासारखे नसेल, तर त्याला नवा नंबर द्यावा. येथे नंबर एक आणि वस्तू दोन, असे झाले. पुढे कंपनीचेच लोक अपघातांचा तपास करू लागले, तर जुन्या गाड्यांत दोष दिसे, नव्यांत दिसेना, आणि भाग तर कागदावर एकच! त्यांची वर्षेच्या वर्षे या चकव्यात गेली. शेवटी अपघातात मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला. २०१४ च्या फेब्रुवारीपासून कंपनीने गाड्या परत बोलावण्यास आरंभ केला. त्या सुमारे २६ लाख भरल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. त्या बदलाने कोणाचे नुकसान व्हावयाचे नव्हते. उलट तो चांगलाच होता. पण नोंदीवाचून झालेल्या त्या चांगल्या बदलाने जुना दोष झाकून टाकला.

दुसरी गोष्ट कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलची. तेथील भव्य दिवाणखान्यात वरून टांगलेले पूल होते; चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्या मजल्याचा बरोबर त्याखाली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई निघून दोन्ही पुलांतून खाली जाई. पोलादाचे काम करणाऱ्यास ते गैरसोयीचे वाटले, कारण मधला नट वर चढविण्यासाठी लांबच लांब आटे पाडावे लागणार. म्हणून सळईचे दोन तुकडे झाले. वरचा पूल छताला, आणि खालचा पूल वरच्या पुलाला. विहिरीत एक दोर सोडून दोघे जण त्या दोराला वरखाली लोंबकळले, तर प्रत्येकाची मूठ आपापले वजन पेलते. पण खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोराला फरक नाही. वरच्याच्या मुठीवर मात्र दोघांचे वजन आले. तसेच झाले. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम चालू असता दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ जोडही नियमाप्रमाणे पुरेसा मजबूत नव्हता, असे चौकशीत निघाले. बदलाने भार दुप्पट झाला.

या बदलाचा कागद नव्हता असे नाही. नव्या रीतीची ड्रॉइंगे होती, आणि त्यांवर अभियंत्याचा शिक्काही होता. फक्त त्या जोडाचा हिशेब पुन्हा कोणी केला नव्हता. बदल फोनवर विचारला होता की नव्हता, यावर चौकशीत दोन्ही पक्षांनी निरनिराळे सांगितले. ज्यांनी नोटीस न बजावता फेरफार प्रमाणित झालेला पाहिला आहे, त्यांना या शिक्क्याची जात ओळखीची वाटेल.

आम्ही स्वतः अशा प्रणालींच्या सान्निध्यात बरीच वर्षे काढली आहेत, आणि आमचे एक मत बनले आहे, ते येथे सांगून टाकतो. साऱ्या नोंदीत सर्वांत मोलाचा रकाना 'का' हा असतो आणि सर्वांत आळशीपणे भरला जातो तोही तोच. काय बदलले ते जुने आणि नवे ड्रॉइंग शेजारी ठेवून कोणीही काढील. का बदलले, हे मात्र त्या दिवशी लिहिले नाही तर पुढे देवालाही सांगता येणार नाही. एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही ओळीने शेकडो मागण्या वाचल्या. 'का' च्या रकान्यात कोठे 'सुधारणा', कोठे 'चर्चेप्रमाणे', आणि कित्येक ठिकाणी नुसते एक टिंब, कारण रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नाही. मंजुरीचेही तेच. चौदा जणांची संमती घ्यावी असा नियम केला, की चौदाही जण असे समजतात की उरलेल्या तेरांनी वाचले असेल. नोटिशीला पाठविलेली आणि वाचलेली असे दोन प्रकार असतात, आणि प्रणालीला त्यांतला पहिलाच मोजता येतो.

'का' च्या रकान्याचे मोल चावडीवर तर रोख पैशांत मोजता येते. २०१९ साली केंद्राने पीएम-किसान योजना काढली. शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. त्यात जमीन कोणाच्या नावावर हे पाहण्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली. त्यानंतर खरेदीने नाव लागले असेल तर पुढली पाच वर्षे लाभ नाही. पण खातेदार वारल्यामुळे वारसाने लागले असेल तर आहे, असे ठरले. म्हणजे दोन सातबारे शेजारी ठेवले तर दिसावयास अगदी सारखे. निर्णय होणार तो फेरफाराच्या दुसऱ्या रकान्यावर. तिथे लिहिणाऱ्याने घाई केली तर एका विधवेचे सहा हजार गेले. आपल्या जिल्ह्यात घरचा कर्ता पुरुष अकाली गेला अशी घरे किती आहेत, हे या मांडवात कोणास सांगावयास नको. तिच्या नावाची वारस-नोंद झाली नाही तोवर पीककर्ज नाही, सोसायटी दारात उभी करीत नाही, आणि विम्याचा अर्जही लटकतो.

ही वहीसुद्धा आता संगणकात गेली आहे. त्या प्रणालीचे नाव ई-फेरफार. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले की त्याची खबर तहसिलीत आपोआप जाते, नोटीस निघते, मुदत मोजली जाते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करावी अशी ई-पीक पाहणीही सुरू झाली. चकरा वाचल्या हे खरे, आणि कागद दाबून ठेवण्याची कलाही बरीच मागे पडली. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

अडचण आली ती हस्तलिखितातून संगणकात जाताना. कारखान्यांतही नेमकी हीच वेळ सर्वांत धोक्याची असते. जुन्या कपाटांतून नव्या प्रणालीत भरताना माणूस शेवटची स्थिती तेवढी भरतो. ती कशी आली याचा इतिहास कपाटातच राहतो. तसेच येथे हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर एक क्षेत्र, संगणकातल्यावर दुसरे. 'ळ' चा 'ल' झाला. कोणाचा हिस्सा गळला, तर कोणाचा मेलेला बोजा जिवंत झाला. दोन्ही ताळ्यावर आणण्यासाठी मोठी मोहीम झाली, २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. लेखनदोष दुरुस्त करण्यासाठी कायद्यात १५५ वे कलम आहे, त्याचा या कामी पुष्कळ उपयोग झाला. मात्र ते कलम लेखणीच्या चुकीपुरते आहे. हक्काचा वाद त्यातून सोडवू गेले तर नवाच वाद उभा राहतो. कारखान्यातही 'किरकोळ दुरुस्ती' या नावाखाली मोठे बदल आत शिरतात, तेव्हा आम्ही या कलमाची आठवण करून देतो. ऐकतात असे नाही.

आणि नोंदीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १५७ वे कलम म्हणते की, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. उलट सिद्ध होईपर्यंत! फेरफाराने मालकी जन्मास येत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मालकी खतातून, वारसातून, वाटणीतून येते, वही तिची खबर ठेवते. प्रणालीत रिव्हिजन ब असे दिसले म्हणून वणीच्या यंत्रात बारा मिलिमीटरचा बोल्ट बसलेला नसतो. कोणी तरी पाना घेऊन जावे लागते.

तो वणीचा मेकॅनिक आम्ही विसरलो नाही. बोल्टाची मागणी ज्या पाच खात्यांत फिरली, त्यांत तो नाही. त्याला कोणी विचारीत नाही, कारण तो कारखान्याचा नोकर नव्हे. हंगामात जिन बंद पडले, बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि पाकिटातून चुकीचा बोल्ट निघाला, तर शिव्या खाणारा मात्र तोच. फेरफारात त्याच्या जागी कोण असते? बहुतकरून सासरी गेलेली बहीण. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण नोटीस चिकटते ती माहेरच्या चावडीवर, आणि ती असते दिग्रसला, नांदेडला, नाही तर पुण्यास कोठे तरी भाड्याच्या दोन खोल्यांत. भाऊ म्हणतात, तिला कळविले होते. पंधरा दिवस निघून जातात. नोंद प्रमाणित होते, आणि ती कागदोपत्री अगदी निर्दोष असते.

म्हणून जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, विशेषतः भगिनींस. शासनाचे 'आपली चावडी' म्हणून एक संकेतस्थळ आहे. त्यावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की त्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली आहे, कोणत्या सर्व्हे नंबरावर आणि हरकतीची मुदत केव्हापर्यंत, ते पाहता येते. पुण्यातून दिसते तसे परदेशातूनही दिसते. ज्यांची मुले-मुली चाकणला बसून दिवसभर बदलाच्या मागण्या तपासतात, त्यांनी आज रात्री फोन करून त्यांना एवढेच सांगावे की, महिन्यातून दोनदा आपल्या गावचे नाव घालून ते पान उघडत जा. मुदत पंधराच दिवसांची आहे.